पत्र्याखालच्या शीलाताई

शीलाताई मेश्राम कुठल्याही जुन्या कारखान्यात शिरल्या की आधी खाली बघायच्या. आम्ही आलेलो असायचो छप्पर तपासायला. बाकीचे सगळे माना वर करून, तोंडं उघडी टाकून उभे, आणि ताई मात्र कंबरेत वाकून फरशी न्याहाळत हळूहळू फिरताहेत, असं ते दृश्य असायचं.

इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत नोकरीला लागल्यावर त्यांच्याबरोबर पहिल्यांदा साइटवर गेले, तेव्हा मीही वरच बघत होते. आमचं ऑफिस लहान, काम जुन्या इमारती सांभाळण्याचं. ताई खरं तर निवृत्त झालेल्या होत्या, पण आठवड्यातून दोन दिवस यायच्या.

"काय पाहून राहिली तू?" त्यांनी विचारलं.

"छप्पर, ताई."

"छप्पर कुठं पळून जात नाही. इकडं ये. हा काँक्रीटमध्ये खळगा दिसतो नं? इथं वर्षानुवर्षं एकाच जागी थेंब पडला. म्हणजे याच्या बरोबर वर काय असेल?"

मी वर पाहिलं. पन्हळ होती. तिच्या सांध्याखालची लोखंडी कैची, म्हणजे छप्पर पेलणारी तिकोनी चौकट, गंजून तपकिरी झाली होती.

"आता वर पाहा," त्या म्हणाल्या. "आता तुला काय पाहायचं ते माहीत आहे."

मी उदगीरची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. कॉलेजात काँक्रीट शिकले, स्टील शिकले, परीक्षेत मार्कही चांगले पडले. पण दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी बोटाएवढ्या जाडीच्या लोखंडी सळया वापरून एवढं मोठं छप्पर तोलून धरलं होतं, आणि ते अजून उभं आहे, हे मला कोणत्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं. ते ताईंनी सांगितलं. शिकवते आहे असा आव त्यांनी कधी आणला नाही. त्यांना स्वतःलाच त्याचं इतकं कुतूहल होतं की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते लागायचंच.

त्यांच्या कोटाच्या खिशात दोरा बांधलेला एक लोहचुंबक असे. फ्रिजवर लावतात तसला, आंब्याच्या आकाराचा. पत्र्याला तो चिकटला तर लोखंड, घसरून पडला तर ॲल्युमिनियम. एका जुन्या शेडमध्ये शिडीवरून त्यांनी मला छप्पर असं वाचून दाखवलं होतं.

"हा चिकटला. हा जुना, नालीदार. हा पाहा, पडला. हा युद्धानंतरचा असणार. विमानं बनवायचं थांबलं, ॲल्युमिनियम उरलं, मग ते छपरावर आलं. आणि तो करडा तुकडा दिसतो नं, त्याला हात लावू नको. ते सिमेंट आहे, ॲस्बेस्टॉसवालं. त्याच्यासाठी वेगळी माणसं बोलवावी लागतात."

"म्हणजे युद्धात या बाजूला बॉम्ब पडला होता?"

"अंदाज आहे. पुरावा नाही." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्या खूप अंदाज करायच्या, मजेत करायच्या, पण प्रत्येक अंदाजाच्या मागे हे शेपूट लावल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्यांना कोणी पत्र्याबद्दल विचारलंच, तर हातातला सँडविचचा कागद पुसून त्या तो दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवायच्या. वर चमचा ठेवला की कागद खाली जायचा. मग त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घालून पुन्हा ठेवायच्या. आता चमचाही राहायचा, वर मिठाची बाटलीही राहायची. "एवढंच केलं त्यांनी," त्या म्हणायच्या. "लंडनच्या गोदीत, दोनशे वर्षं होत आली. सपाट पत्र्याला लाटा दिल्या. वजन तेवढंच, ताकद कितीतरी पट. मग छप्पर हलकं झालं. छप्पर हलकं म्हणून कैच्या बारीक, कैच्या बारीक म्हणून खांब कमी, खांब कमी म्हणून खाली यंत्रांना जागा. पोरी, या गावात सायकलींचे एवढे कारखाने कशामुळे झाले? पत्र्याला लाटा दिल्या म्हणून." मग थांबून, "म्हणजे, अंदाज आहे."

त्या सँडविचमध्ये नेहमी ठेचा असायचा. मागितल्याशिवाय द्यायच्या नाहीत, आणि मागणारा इंग्रज असला तर आधी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे ठेवायच्या.

ताई नागपूरच्या. वडील गिरणीत होते. सिव्हिलची पदवी घेऊन, लग्न करून त्या इकडे आल्या. यजमान इथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. त्यांना पहिल्या दिवसापासून काम होतं, ताईंना बरीच वर्षं नव्हतं. नकाशे गिरवण्याची कामं केली, मुलगी शाळेत जायला लागल्यावर पुन्हा परीक्षा दिल्या, आणि कोणाला नको असलेली जुन्या छपरांची कामं हातात घेतली. याबद्दल त्या तक्रारीच्या सुरात कधी बोलल्या नाहीत. "नवीन बिल्डिंगवर सगळ्यांना जायचं होतं. मला चढायची सवय होती," एवढंच म्हणायच्या.

ही सवय नागपूरच्या घराच्या छपरावरची. घर पत्र्याचं होतं. वारा सुटायच्या आत वर चढून दगड नीट ठेवायचं काम त्यांच्याकडे असे. इथे बागेतल्या शेडवरही त्यांनी चांगले चार दगड ठेवले होते. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी एकदा कुंपणावरून विचारलं की ही काही धार्मिक पद्धत आहे का. ताईंनी त्यांना आत बोलावून चहा दिला आणि तासभर समजावलं, की जड छपराला खाली पडायचं भय असतं आणि हलक्याला वर उडायचं. वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो, म्हणून हलकं छप्पर पेलण्यापेक्षा धरून ठेवणं अवघड. गृहस्थ घरी गेले आणि त्यांनीही आपल्या शेडवर दोन विटा ठेवल्या. हे सांगताना ताई इतक्या खूश व्हायच्या की जणू काही त्यांनी धर्मप्रसार केला होता.

त्यांचं शेवटचं काम मात्र ऑफिसचं नव्हतं, घरचं होतं. म्हणजे मंडळाचं.

कॉव्हेंट्रीतल्या आंबेडकरी कुटुंबांचं एक मंडळ होतं. बुद्धजयंती, बाबासाहेबांची जयंती, मुलांचे रविवारचे वर्ग, सगळं भाड्याच्या हॉलमध्ये चालायचं. सहा वाजले की केअरटेकर किल्ल्या वाजवत दारात उभा. मग मंडळाला एक जुनी शेड मिळाली. पूर्वी तिथे सायकलचे भाग बनायचे. छप्पर करवतीच्या दातांसारखं: प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली, उतरती बाजू पत्र्याची. छप्पर गळत होतं, बदलणं भाग होतं. ताईंनी फुकट काम करायचं कबूल केलं. हिशेब करायला मला घेतलं. मी त्या मंडळाची नव्हते, पण ताईंबरोबर जाऊन जाऊन तिथे चपात्या लाटण्यापर्यंत माझी मजल गेली होती.

ताईंचं म्हणणं सोपं होतं. लोखंडी सांगाडा उत्तम आहे, तो ठेवायचा. वरचे पत्रे काढून नवे पत्रे घालायचे. पहिल्याच बैठकीत त्याला विरोध झाला. विरोध अध्यक्षांचाच. डॉक्टर रामटेके, निवृत्त सर्जन, मूळचे चंद्रपूरकडचे.

"शीलाताई, पत्रा सोडून बोला," ते म्हणाले. "कौलं घालू. चांगली, जड, पक्की कौलं."

"डॉक्टर, ह्या कैच्या पत्र्यासाठी बनवल्या आहेत. कौलांचं वजन टाकलं तर त्या वाकतील. मग त्या कापून नवं जाड स्टील घालावं लागेल. मधे खांब येतील. आत्ताची शेड उरणारच नाही."

"नाही उरली तर नाही उरली. अहो, आपण सगळे पत्र्याखाली भाजून निघालो. आमच्या वस्तीला गावात नावच 'पत्रे' होतं. पत्त्यावर लिहायचीही लाज वाटायची. आणि आता इंग्लंडात येऊन, इतकी वर्षं थांबून, तथागतांना पत्र्याखाली बसवायचं? भारतातून पाहुणे येतील ते काय म्हणतील?"

सगळ्या माना हलल्या. मीही मनात हलवली. उदगीरला आमचंही घर पत्र्याचं होतं, आणि पहिला पगार झाल्यावर मी वडिलांना म्हटलं होतं, आधी स्लॅब टाका.

ताईंनी यावर जे केलं ते अगदी ताईंसारखं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी शेडच्या दारात छपराचा एक जुना पत्रा ठेवला, आणि शेजारी तेवढीच जागा झाकतील इतक्या कौलांचा ढीग. डॉक्टर आणि मंदाकाकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, यांना पत्र्याची दोन टोकं धरायला लावली. दोघांनी तो सहज उचलला. "आता हा ढीग उचला," ताई म्हणाल्या. तो अर्थात हललासुद्धा नाही.

"पाहा," ताई विजयी मुद्रेने म्हणाल्या. "हे वर ठेवायचं म्हणता तुम्ही."

पत्रा खाली ठेवून मंदाकाकूंनी हात झटकले. "शीला, पत्रा हलका असतो हे तू मला सांगून राहिली? दर वैशाखात उडायचा आमचा. बाबा मागे धावायचे." लोक हसले. काकू हसल्या नाहीत. "पाऊस आला की घरात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू यायचं नाही. माझा दहावीचा अभ्यास त्या आवाजात गेला. इथं आम्ही वंदना म्हणणार आणि वरून तडतड तडतड. नको बाई."

परतताना गाडीत ताई म्हणाल्या, "मी वजनाचं उत्तर देत होते. वजनाचा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता." पुढच्या दोन सिग्नलनंतर पुन्हा म्हणाल्या, "मीही त्याच पत्र्याखाली होते. मला कशी नाही लाज वाटली?" खरोखरच कोडं पडल्यासारख्या. "मला वाटतं, मी सारखी वर चढलेली असायची. खाली बसून ऐकायची वेळच आली नाही."

मग त्यांनी पद्धत बदलली. आवाजाचं उत्तर सोपं होतं. दोन पत्रे आणि मधे आवाज अडवणारी जाड लोकर असली की पाऊस दूरच्या टाळ्यांसारखा येतो. अशी एक नवी शेड शोधून त्यांनी मंदाकाकूंना पावसात तिथे नेलं. काकू आत उभ्या राहून एक अख्खी गाथा म्हणाल्या, शेडचा चौकीदार बघत राहिला, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "चालेल." राहिले डॉक्टर. लाजेला लोकर घालता येत नाही.

डॉक्टरांना ताईंनी काहीच पटवलं नाही. एका दुपारी त्यांना नुसतं शेडमध्ये बोलावलं, वर काचांवरची काजळी पुसण्याचं काम चालू होतं ते बघायला. बाहेर ऊन होतं. दोन रांगा स्वच्छ झाल्या होत्या. डॉक्टर काहीतरी बोलत होते, कौलांच्या रंगाबद्दलच बहुतेक, आणि बोलता बोलता थांबले. त्यांनी आपला उजवा हात पुढे धरला. पालथा केला, उताणा केला. मग खिशातून पेन काढून तळहाताच्या वर धरलं.

"सावली पडत नाही," ते म्हणाले.

"काच उत्तरेला आहे," ताई म्हणाल्या. "थेट ऊन येतच नाही. कारागिरांच्या हाताखाली सावली पडली तर माप चुकतं, म्हणून."

"अहो, हा ऑपरेशन थिएटरचा प्रकाश आहे. यासाठी आम्ही केवढाले दिवे लावायचो." ते एका दाताखालून दुसऱ्या दाताखाली गेले, प्रत्येक ठिकाणी हात धरून. "इथं मी टाके घातले असते."

"कौलं घातली तर मधे खांब येतील," ताई हळूच म्हणाल्या. "जाड तुळया येतील. त्यांची सावली पडेल."

"शीलाताई, तुम्ही फार डांबिस आहात."

"अंदाज आहे, डॉक्टर. पुरावा नाही."

पुढच्या बैठकीत डॉक्टरांनीच पत्र्याचा ठराव मांडला. मात्र ठरावात 'पत्रा' हा शब्द येऊ दिला नाही, 'धातूचे आच्छादन' असं लिहायला लावलं. ताईंना तो शब्द इतका आवडला की त्यानंतर त्या ऑफिसातल्या बिस्किटांच्या डब्यालाही धातूचं आच्छादन म्हणू लागल्या.

पण जुने पत्रे उतरवल्यावर वेगळंच संकट निघालं. दोन दातांमधल्या पन्हळी वर्षानुवर्षं तुंबल्या होत्या, आणि तिथे टेकलेली कैच्यांची टोकं गंजलेली दिसत होती. ठेकेदार म्हणाला की सगळ्या कापून टाका, नवीन स्टील घाला, वाद संपला. समितीतले कौलंवाले पुन्हा जागे झाले: नवीन स्टील येणारच असेल तर पक्कं छप्परच का नको? डॉक्टर ताईंकडे बघत राहिले. आता ते स्वतः ठराव मांडून बसले होते.

ताईंची मुलगी वॉटफर्डला राहते. तिने आईला वर चढायची सक्त बंदी केली होती. तिला फोनवर "हो हो, आय ॲम ओन्ली लुकिंग" असं सांगून ताई हेल्मेट घालून मचाणावर चढल्या. मी मागून. त्या वयात त्या कशा चढल्या हे मला सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटून घेतले होते. वर त्यांनी एकेक टोक तारेच्या ब्रशने घासलं, हातोडीने ठोकलं, कान लावला. स्वच्छ आवाज आला की खडूने बरोबरची खूण. बद्द आवाज आला की फुली आणि मोजमाप. जेवायलाही खाली उतरल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत चित्र स्पष्ट झालं होतं. गंज फक्त टोकांपुरता होता. तेवढी टोकं कापून, नव्या स्टीलचे तुकडे बोल्टांनी जोडून, बाकीचा सांगाडा तसाच ठेवता येत होता. आणि नवे पत्रे वाऱ्याने उचलू नयेत म्हणून कैच्या खालच्या भिंतींना लोखंडी पट्ट्यांनी बांधायच्या होत्या.

आकडेमोड मी केली, ऑफिसातल्या साहेबांनी तपासली, आणि खाली सही ताईंची झाली. सही करायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, "शीलाताई, मुलं बसणार आहेत याच्याखाली. खात्री आहे?"

"मी ठोकून पाहिलंय, डॉक्टर. प्रत्येक टोक."

"तसं नाही. तुमची खात्री आहे का?"

ताईंनी पेन उघडून बंद केलं. "लोखंड कळतं मला," म्हणाल्या. "वारा कोणालाच पूर्ण कळत नाही. पण त्याच्यापेक्षा जास्त धरून ठेवलंय मी." आणि सही केली.

हॉल झाला. बुद्धजयंती झाली, पाहुणे आले. त्यातल्या एकांनी वर बघून विचारलं की हे एवढं मॉडर्न डिझाइन कोणाचं. डॉक्टरांनी त्यांना उभं करून हात पुढे धरायला लावला, आणि जेवण थंड होईपर्यंत सोडलं नाही.

ताई त्यानंतरच्या वसंतात गेल्या. आजार छोटासा झाला, फार त्रास न होता संपल्या. लोकांना त्या भाषणातल्या, फोटोतल्या आठवतात. मला आठवतात त्या त्याच्या आदल्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी सकाळच्या.

आदल्या दिवसापासून वादळाचा इशारा होता. झाडं पडत होती, ट्रेन रद्द होत होत्या. मी ताईंना फोन केला तर उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. त्या कुठे असतील याची मला शंका आली, आणि मी कोट घालून हॉलकडे निघाले. दार नुसतं लोटलेलं होतं.

हॉलच्या मधोमध एका प्लास्टिकच्या खुर्चीवर ताई बसल्या होत्या. मफलर, हातमोजे, पायाशी थर्मास. एकट्या.

"ताई, इथं काय करताय?"

"बसले आहे."

"अशा हवेत?"

"अशाच हवेत बसायला पाहिजे नं. चांगल्या हवेत कोणीही बसेल." त्यांनी मला जवळ बोलावलं. "सही माझी आहे. घरी रजईत बसून काळजी करण्यापेक्षा इथं बसून ऐकलेलं बरं."

मी काही बोलणार तेवढ्यात मागे दार वाजलं. डॉक्टर रामटेके, टोपी हातात धरून, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत असलेले. त्यांनी ताईंना पाहिलं आणि जागीच थांबले. ते कशाला आले होते हे कोणी विचारलं नाही. त्यांनी भिंतीकडच्या थप्पीतून एक खुर्ची ओढली आणि ताईंच्या शेजारी आणून ठेवली.

"पडलं तर?" बसता बसता ते म्हणाले.

"तर दोघं एकाच जागी सापडू. लोकांची सोय."

डॉक्टर हसले. वाऱ्याचा झोत आला, वर सगळीकडून आवाज उठला. डॉक्टरांनी खुर्चीच्या कडा धरल्या. ताईंनी बोट वर केलं, वर्गात गाण्याचा सूर ओळखायला सांगावं तसं.

"हा कर्रर्र आवाज आला नं, ती काच तिच्या चौकटीत सरकते. सरकायलाच पाहिजे. तो टण् झाला तो पट्टीचा, ताण आला तिला. छान आला. आणि ती शीळ पन्हळीत."

त्या मला म्हणाल्या, "तू जा घरी, बसही बंद होतील. काकूंना फोन करून सांग, डॉक्टर इथं आहेत." मी थर्मासमधला चहा दोघांना ओतून दिला आणि निघाले. दाराशी कोटाची बटणं लावत होते तेव्हा आणखी एक मोठा झोत आला, आणि त्याच्या शेवटी कुठेतरी, उजव्या कोपऱ्यात, खोल, घुमणारा, ओम् म्हटल्यासारखा एक आवाज आला आणि विरून गेला.

"हा कोणता?" डॉक्टरांनी विचारलं.

ताईंनी मान तिरपी केली. भीती नव्हती त्या चेहऱ्यावर. कोणीतरी नवं पुस्तक हातात ठेवल्यासारखा तो चेहरा होता.

"हा मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "थांबा. पुन्हा येऊ द्या."

आणि हातातले कप तसेच धरून दोघं पुढच्या झोताची वाट बघत बसले.